मृत्युपत्र नको फादर, बक्षीसपत्र करा

पत्र

ताई, नमस्कार. मी कॅथलिक धर्मगुरू आहे. वय चौतीस, गुरुदीक्षेला चार वर्षं झाली. एका मोठ्या पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या विभागात, साहाय्यक आहे. सकाळची मिस्सा, शाळेच्या मीटिंगा, अंत्यविधी, आजाऱ्यांना कम्युनियन, संध्याकाळी युवकांचा गट. ब्रेव्हिअरी, म्हणजे रोजच्या ठरलेल्या प्रार्थनांचं पुस्तक, मोबाईलवर, बहुतेक वेळा दोन कामांच्या मधे. रोझरी, मरियेची जपमाळ, गाडी चालवताना. ऑक्टोबरमध्ये मी रोझरी सांगतो तेव्हा बायका म्हणतात, फादर किती मनापासून सांगतात. त्या वेळी माझ्या डोक्यात उद्याच्या मीटिंगचा अजेंडा असतो. लहानपणी आजीच्या मांडीवर पेंगत ऐकलेलं ‘नमो मरिया’ अजून कानात आहे, पण ती मरिया आजीची होती. माझी कधी झालीच नाही. गेल्या रिट्रीटमध्ये, म्हणजे एकांतातल्या साधनेत, सतराव्या शतकातले गोव्याचे धर्मगुरू संत जोसेफ वाझ यांच्यावर प्रवचनं झाली. त्यांनी आपण मरियामातेचा गुलाम आहोत असं कागदावर लिहून दिलं होतं म्हणे. भारावून जाण्याऐवजी मी अवघडलो. गुलाम हा शब्द मला पचत नाही. आणि अशा संताची प्रार्थना ती प्रार्थना, तर माझ्या या तोंडपाठ पुटपुटण्याला काय म्हणायचं? काहीही न वाटता हे चालू ठेवणं ढोंग आहे का?

– एक फादर

उत्तर

प्रिय फादर,

आयुष्यभर मी अडचणी घेऊन फादरांकडे जात आले. कुमसाराच्या, म्हणजे पापनिवेदनाच्या, जाळीच्या अलीकडे गुडघे टेकायचे आणि पलीकडून जे येईल ते मुकाट्याने ऐकायचं, ही सवय. आज पलीकडूनच विचारणा आली, तेव्हा आधी हसू आलं आणि मग जरा धडकीच भरली. माझ्या थोरल्या मुलापेक्षा तुम्ही लहान आहात, तरी फादरांना अरे-तुरे करायला जीभ वळत नाही. ‘तुम्ही’च म्हणते, पण बोलणार आहे आईसारखं. आणि एक सांगून ठेवते. मी निवृत्त शिक्षिका. तुमच्या आत्म्याची काळजी वाहणारे जे कोणी फादर असतील त्यांची जागा मला घ्यायची नाही. हे उत्तर त्यांना दाखवा. ते नको म्हणाले तर नको.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. नाही, हे ढोंग नाही. डोळे मिटून गदगदून आल्याचा आव आणत असाल तर ते ढोंग. तुम्ही स्पष्ट आवाजात, घाई न करता रोझरी सांगता, एवढंच. त्या बायकांना त्यात जे सापडतं ते त्यांचं त्यांना सापडलेलं असतं आणि ते खरंच असतं. पोळ्या लाटणारीला स्वतःला भूक नसली म्हणून पोळी खोटी ठरत नाही.

पण म्हणून तुम्हाला सोडणार नाही. पत्रात ढोंग नसलं तरी लबाडी आहे. ‘दोन कामांच्या मधे’ आणि ‘गाडी चालवताना’ हे तुमचेच शब्द. मीटिंगची वेळ ठरलेली, अंत्यविधीची वेळ ठरलेली, युवकांच्या गटाची ठरलेली. प्रार्थना तेवढी फटीत. पाहुण्याला जिन्यात उभं करून दोन मिनिटं बोलायचं आणि मागाहून म्हणायचं, हल्ली ते आमच्याशी मोकळेपणाने बोलत नाहीत! धर्मसभेच्या कायद्याचं २७६वं कलम तुम्ही सेमिनरीत शिकला असाल, मी ते कुतूहलापोटी वाचलं आहे. तासांची प्रार्थना, म्हणजे तुमची ब्रेव्हिअरी, धर्मगुरूवर बंधनकारक आहे, आणि मनन, पापनिवेदन, कुमारी मातेची भक्ती याही गोष्टी त्यांनी कराव्यात असं त्यात सांगितलं आहे. काही वाटलं पाहिजे, असं मात्र त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

आता जोसेफ वाझ. त्यांच्या त्या कागदाविषयी बोलायचं तर आधी माझ्या वडिलांविषयी सांगावं लागेल. बाबा दस्तलेखक होते. कचेरीबाहेर झाडाखाली टेबल, टेबलावर शाईची दौत, शिक्क्याचं पॅड आणि कागद उडू नये म्हणून एक गुळगुळीत दगड. शाळा सुटली की मी त्यांचा डबा घेऊन जायची आणि तिथेच बाकावर अभ्यास करत बसायची. खरेदीखत, गहाणखत, हक्कसोडपत्र हे शब्द मला पाढ्यांच्या आधी पाठ झाले. मृत्युपत्र आणि बक्षीसपत्र यांतला फरक तर त्यांनी मला दहाव्या वर्षीच समजावला होता. मृत्युपत्र माणूस मरेपर्यंत हवं तेवढ्या वेळा बदलू शकतो. घर आज धाकट्याच्या नावे, उद्या त्याच्याशी वाजलं की थोरल्याच्या. जिवंत आहे तोवर सगळं त्याचं त्यालाच. बक्षीसपत्राचं तसं नाही. ते हयातीत द्यायचं, स्वखुशीने, मोबदला न घेता; आणि घेणाऱ्यानेही देणारा हयात असतानाच ते स्वीकारायचं. मग एखादा आठवड्याने रडत परत यायचा, मन फिरलं म्हणायचा. बाबा त्याला चहा पाजायचे आणि सांगायचे, “मन फिरलं, पण सातबारा नाही फिरत.”

तर ५ ऑगस्ट १६७७. जोसेफ वाझ तेव्हा सव्वीस वर्षांचे, म्हणजे तुमच्याहून आठ वर्षांनी लहान. जन्म आजोळी बाणावलीला, वडिलांचं गाव सांकवाळ. गुरुदीक्षा आदल्या वर्षीची. सांकवाळच्या आरोग्यमातेच्या चर्चमध्ये, तिच्या वेदीच्या पायाशी त्यांनी तो कागद लिहिला. आज त्या चर्चची फक्त दर्शनी भिंत उभी आहे, बाकी सारं आगीत गेलं. काही वर्षांपूर्वी मी तिथे गेले होते. दारातून आत पाऊल टाकावं तर आत आभाळ. बाबा असते तर म्हणाले असते, जागा गेली, दस्त राहिला.

त्या कागदाची सुरुवात ‘कारणे दस्त लिहून देतो की’ या आपल्या वळणाचीच आहे. हा दस्त जे कोणी पाहतील त्या देवदूतांना, माणसांना आणि साऱ्या सृष्टीला कळावं म्हणून तो लिहिला आहे. तुम्ही त्यातल्या ‘गुलाम’वर अडलात. मी अडले ती पुढच्या ओळीवर. मी स्वतःला आणि माझं जे काही आहे ते मातेला देतो, हे देणं स्वखुशीचं आहे, आणि कायद्यात ज्याला हयातीत दिलेलं, मागे न घेता येणारं दान म्हणतात त्या प्रकारचं आहे, असं त्यात आहे. म्हणजे बक्षीसपत्रच की! त्यात ‘विकतो’ही आहे आणि ‘अर्पण करतो’ही. बाबांनी यावर हरकत घेतली असती. विक्रीला मोबदला लागतो, बक्षिसाला चालत नाही, दोन्ही एका कागदात कसं बसवणार? पण देणाऱ्याची घाई त्यातून दिसते. हृदयाच्या रक्ताने सही करता आली असती तर बरं झालं असतं, असंही ते लिहितात. सव्विसाव्या वर्षी माणूस असं लिहितो, त्याला इलाज नाही. मला त्याहून आवडतं ते स्वीकाराचं कलम. मी या मानाला पात्र नाही, तेव्हा माझा रक्षक दूत आणि ज्यांचं नाव मला मिळालं आहे ते संत योसेफ यांनी रदबदली करावी आणि मातेने मला तिच्या दासांत घ्यावं, अशी विनंती त्यांनी केली आहे. नुसतं दिलं म्हणून दान पुरं होत नाही, पलीकडून ते घेतलं जावं लागतं, हे त्या तरुण फादरांना नीट ठाऊक होतं.

आता तुमच्याकडे येते. फादर, आपण बहुतेक सगळे मृत्युपत्राच्या चालीने प्रार्थना करतो. हे प्रभू, माझं जीवन तुझं, हे माते, मी तुझा, असं म्हणतो खरं, पण मालकी आपल्याकडेच ठेवून. रोज सकाळी उठून तपासायचं, आज वाटतंय का तसं? वाटलं तर कागद खरा, नाही वाटलं तर फाडून नवा. तुमच्या पत्रात ‘वाटणं’ या क्रियापदाचा केवढा धाक आहे! बक्षीसपत्र लिहून झाल्यावर देणाऱ्याला दुसऱ्या दिवशी काय वाटतं, हे कोणी विचारत नाही. वाझ यांनी त्या दिवशी नेमकं हेच केलं असावं असं मला वाटतं. आपल्या मनाची तपासणी करण्याचा हक्कच त्यांनी सोडून दिला. त्यांची भक्ती भावनेने ओथंबलेली होती म्हणून टिकली असं नाही; ती टिकली कारण ती त्यांच्या मर्जीवर ठेवलेलीच नव्हती.

आणि मर्जीवर असती तर ती मोडायला कारणं भरपूर होती. सिलोनचा, म्हणजे आताच्या श्रीलंकेचा, किनारी मुलूख डचांनी जिंकून घेतला होता, तिथे कॅथलिक उपासनेवर बंदी होती आणि लोकांना एकही धर्मगुरू उरला नव्हता. वाझ यांनी तिकडे जाण्याची परवानगी मागितली. वरिष्ठांनी त्यांना पाठवलं कुठे, तर १६८१मध्ये कानडा मुलखात, म्हणजे आताच्या कर्नाटकच्या किनाऱ्यावर. तिथे गोव्याचे पोर्तुगीज अधिकारी आणि रोमने नेमलेले बिशप यांच्यात हद्दीवरून वाद पेटलेला, आणि हे त्याच्या मधोमध. तीन वर्षं त्यात गेली. परत आले तर गोव्यात काही देशी धर्मगुरू एकत्र राहून प्रार्थनेचं जीवन जगू पाहत होते. १६८५मध्ये हे त्यांना जाऊन मिळाले आणि त्यांच्या मंडळाचे, ओरेटरीचे, प्रमुख झाले. म्हणजे माणसाला जायचंय एकीकडे आणि गळ्यात पडतंय भलतंच कारभारपण. ओळखीचं वाटतं का काही? तुमच्या शाळेच्या मीटिंगा आणि त्यांचा कानडातला वाद यांत मला फारसं अंतर दिसत नाही. सिलोनच्या किनाऱ्याला त्यांचे पाय लागले ते १६८७मध्ये. दस्त होऊन दहा वर्षं झाली होती.

इथून पुढची हकिगत तुम्ही रिट्रीटमध्ये ऐकली असणार. प्रवचनकार बहुधा पावसावर थांबले असतील: बेटाच्या आतल्या कँडीच्या राज्यात दुष्काळ पडला, राजाने प्रार्थना करायला सांगितलं, चौकात वेदी मांडून वाझ यांनी प्रार्थना केली, धो धो पाऊस आला आणि ते नि वेदी तेवढे कोरडे राहिले. ही आख्यायिका लोकांना फार आवडते. मलाही आवडते, खोटं का बोलू. पण तुमच्या कामाची गोष्ट दुसरी आहे, ती जाफन्यातली.

भिकाऱ्याच्या वेशात, एका विश्वासू सेवकाला बरोबर घेऊन ते तिथे पोचले ते हगवणीने अर्धमेले होऊन. बरे झाल्यावर पुढचा प्रश्न होता, कॅथलिक शोधायचे कसे? कुणाला विचारावं तर तो डचांचा माणूस निघायचा. आणि ज्यांना शोधायचं तेही भीतीने तोंड उघडणार नाहीत. तेव्हा त्यांनी एक मोठी रोझरी गळ्यात घातली आणि दारोदार भीक मागत फिरले. दार उघडणाऱ्याची नजर त्या माळेवर कशी पडते ते पाहायचं. कुणाच्या डोळ्यांत नुसतं कुतूहल, कुणाच्या चेहऱ्यावर तिटकारा. आणि कुठे तरी एखादी बाई माळ पाहून दचकायची, तिचे ओठ हलायचे. तिथे ओळख पटली. (ही बाई माझ्या कल्पनेतली, पण अशी कुणी तरी असलीच पाहिजे.)

या प्रसंगाने मी बरीच वर्षं पछाडलेली आहे. आपण रोझरीला काय समजतो? मनाला शांती देणारं साधन, कोपऱ्यात बसून डोळे मिटून हाती घ्यायचं. वाझ यांच्या गळ्यातली माळ डोळे उघडे ठेवून घालायची होती. ती माणसं शोधायची खूण होती, आणि पकडले गेले असते तर तीच पुरावाही ठरली असती. त्या उंबऱ्यांवर उभं असताना त्यांना आत काही ‘वाटत’ होतं की नाही, मला ठाऊक नाही. पोटात कळा येत असतील, भीती असेल, भाषा नवी. पण माळ गळ्यात होती आणि समोर माणूस होतं.

म्हणून माझा पहिला सल्ला हा: आठवड्यातले दोन दिवस रोझरी गाडीतून उतरवा आणि पायी चालवा. पॅरिशमधली एक गल्ली निवडा. रोझरीच्या एका दशकाला, दहा मण्यांना, एक घर. त्या घरात कोण आहे, कुणाचं दुखतंय, कोण मिस्सेला यायचं बंद झालंय, हे मनात घेऊन ते मणी. घरं माहीत नसतील तर पाचव्या दशकानंतर एखादं दार ठोठवा आणि माहीत करून घ्या. लक्ष विचलित होईल ते त्या माणसांकडे होईल, होऊ द्या. अजेंड्यापेक्षा ते बरं. माझ्या नवऱ्याच्या शेवटच्या आजारात मी त्यांच्या उशाशी रोझरी म्हणायची आणि तिसऱ्या दशकात हमखास झोपी जायची. जाग यायची तेव्हा मणी कुठला होता ते आठवायचं नाही. यांचा हात मात्र माझ्या हातात असायचा. त्या रोझऱ्या मोजल्या गेल्या असतील की नाही याची मी आता काळजी करत नाही.

दुसरा सल्ला रुक्ष आहे. ब्रेव्हिअरीतल्या सकाळच्या आणि संध्याकाळच्या प्रार्थनेला वेळ ठरवा आणि ती पॅरिशच्या फलकावर लावा: ‘सकाळी सहा वाजता फादर चर्चमध्ये प्रार्थनेत असतील, कुणाला यायचं असल्यास यावं.’ मोबाईल खोलीत, हातात पुस्तक. चार म्हाताऱ्या नक्की येतील. त्या आल्या की तुम्हाला चुकवता येणार नाही, आणि मर्जीवरचं ओझं थोडं उतरेल.

तिसरा सल्ला थोडक्यात. शेवटचं कुमसार कधी झालं ते आठवा. १६८७पासून जवळजवळ नऊ वर्षं त्या अख्ख्या बेटावर वाझ एकटेच धर्मगुरू होते. रात्री चोरून मिस्सा करायची, पहाट व्हायच्या आत पुढच्या गावाला निघायचं, आणि स्वतःचं पापनिवेदन ऐकायला तिथे दुसरं कुणी नाही. तुम्हाला शेजारच्या पॅरिशमधले फादर एका फोनवर आहेत. जा.

आता तो शब्द. गुलाम.

तुम्हाला तो खुपतो ते योग्यच आहे. तो खुपलाच पाहिजे. सतराव्या शतकातल्या गोव्यात माणसं खरोखर विकली आणि विकत घेतली जात होती. वाझ यांनी तो शब्द पुस्तकातून उचलला नव्हता, रस्त्यावर रोज पाहिला होता. पोर्तुगिजांच्या राज्यातला एक देशी धर्मगुरू, ज्याला गोऱ्यांच्या रांगेत बरोबरीची जागा नव्हती, तो मालकांच्या भाषेतला सगळ्यात खालचा शब्द उचलतो आणि म्हणतो, मी गुलाम आहे, पण तुमचा नव्हे, तिचा. मला यात लाचारी दिसत नाही. थोडा ताठाच दिसतो. त्यानंतर ते अनवाणी हिंडले, कँडीत पोर्तुगिजांचा हेर म्हणून कैदेत पडले, पुढे त्यांना बिशप करण्याचं घाटलं तेव्हा नाही म्हणाले. एकदा मालकी ठरल्यावर दुसऱ्या कुणाचा दाब त्यांच्यावर चालेना.

आणि आपल्या भाषेला हा शब्द नवा कुठे आहे? जनाबाईने स्वतःला नामयाची दासी म्हणवून घेतलं, समर्थांनी नावातच दास घेतला, आणि त्यांच्याकडे पाहून कुणी त्यांना दीन म्हटलं नाही. शुभवर्तमानात देवदूताला उत्तर देताना मरिया स्वतःला काय म्हणते ते तुम्ही रोज संध्याकाळी तिच्या गीतातही म्हणता: दासी. म्हणजे दासीचा दास. तिच्याकडे गेलेलं पुढे कुठे जातं हे उघड आहे. ती स्वतःकडे काही ठेवत नाही. तुमच्या ईश्वरविज्ञानाला ज्याची धास्ती वाटते, की देवाची जागा ती घेईल, ती धास्ती या एका शब्दाने मिटायला हवी. दस्त तिच्या नावे होतो, पण ती जमीन कसते ती देवासाठी.

हा मार्ग एकट्या वाझ यांचाही नव्हता. मरियेला असं वाहून घेण्याची चाल युरोपात आधीपासून होती, आणि पुढे तिचा सगळ्यात मोठा प्रचारक ठरलेला लुई द मोंफोर्त वाझ यांनी कागद लिहिला तेव्हा फ्रान्समध्ये चार वर्षांचं पोर होता. मोंफोर्तच्या लिखाणातूनच पोप दुसरे जॉन पॉल यांनी आपलं बोधवाक्य घेतलं: ‘तोतुस तुउस’, पूर्णपणे तुझा. याच पोपनी २१ जानेवारी १९९५ रोजी कोलंबोत वाझ यांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, तेव्हा एका दासाने दुसऱ्या दासाची ओळख पटवून दिल्यासारखं मला वाटलं होतं. पुढे १४ जानेवारी २०१५ला पोप फ्रान्सिस यांनी तिथेच, गॉल फेसच्या मैदानावर, त्यांना संत म्हणून जाहीर केलं आणि दुपारी ते उत्तरेला मडूच्या मातेच्या देवळात गेले. हे मी टीव्हीवर पाहिलं. यादवीत होरपळलेले लोक तिथे जमले होते, तमिळही आणि सिंहलीही.

‘ती मरिया आजीची होती’ हे तुमचं वाक्य राहिलं. ते वाचून माझ्या पोटात तुटलं. फादर, आजीची होती म्हणूनच तर ती तुमच्याकडे वारशाने आली. वारसा हक्काने आलेली मालमत्ता माणसाला कधी आपली वाटत नाही, जोवर तो स्वतः जाऊन आपलं नाव लावून घेत नाही. तोवर सातबाऱ्यावर आजोबांचंच नाव दिसत राहतं आणि जमीन परक्याची वाटते. तुमची नोंद व्हायची राहिली आहे, इतकंच. आजी कुठली रोझरी वापरायच्या? ती कुणाकडे आहे? घरी फोन करून विचारा. मिळाली तर त्या दोन दिवसांच्या पायी रोझरीला तीच न्या.

वाझ यांचं शेवटचं आजारपण १७१० साली सुरू झालं आणि १६ जानेवारी १७११ रोजी ते कँडीत वारले. मधल्या काळात गोव्याहून त्यांचे सोबती येऊन मिळाले होते. देवीच्या साथीत राजापासून बहुतेकांनी शहर सोडलं तेव्हा आपल्या भाच्यासह त्यांनी रोग्यांची सेवा केली होती, मेलेल्यांना मूठमाती दिली होती. मरणाच्या वेळी भोवती जमलेल्यांना त्यांनी जे सांगितलं ते असं की, आयुष्यभर जे करायचं टाळलं ते मरणाच्या वेळी सहज करता येत नाही. दस्तलेखकाच्या मुलीला यात दुसरं काय ऐकू येणार? मृत्युपत्रावर विसंबू नका, म्हणत होते.

तेव्हा शेवटचं सांगते, आणि हे मात्र मार्गदर्शक फादरांना विचारल्याशिवाय करू नका. मोंफोर्तने अशा समर्पणाच्या तयारीसाठी तेहतीस दिवस सांगितले आहेत, तेवढे घ्या. त्या दिवसांत आपल्याला काय वाटतंय याची वही ठेवू नका. मग एका संध्याकाळी, चर्च बंद झाल्यावर, वेदीपाशी बसून तुमच्या शब्दांत कागद लिहा. ‘गुलाम’ लिहवत नसेल तर लिहू नका, ‘मुलगा’ लिहा, ‘सेवक’ लिहा, जो शब्द तुम्हाला खरा वाटेल तो. रक्ताच्या सहीची भाषा नको. तुम्ही चौतीस वर्षांचे आहात. पण तारीख घाला, ठिकाण घाला, आणि ‘मागे घेणार नाही’ हे कलम विसरू नका. त्याची एक प्रत मार्गदर्शकांकडे द्या. एक ब्रेव्हिअरीत ठेवा, म्हणजे रुक्ष दिवशी पान उलटताना हाताला लागेल.

कागद साधाच चालेल, मुद्रांक लागत नाही. साक्षीदार मात्र दोन हवेत, बाबांचा तो नियम होता. संत योसेफांना एका जागी घ्या, ते या कामात मुरलेले आहेत. दुसऱ्या जागी कुणी नसेल तर मला कळवा. सही अजून थरथरत नाही माझी.

– तुमची ताई